सारख्या मापाचे दोन झेंडे

मी इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही. त्यात विनय वगैरे काही नाही, कामाची सवय आहे. ज्या बायकांबरोबर मी आठ वर्षं काम केलं, त्यांच्या भागात साध्या गावाचं नाव घेतलं तरी बोलणारा कुठल्या बाजूचा ते कळतं, कारण एकाच गावाला नदीच्या अलीकडचे एक नाव देतात आणि पलीकडचे दुसरं. म्हणून आम्ही नुसतं 'नदी' म्हणायचो, आणि 'अलीकडचा काठ', 'पलीकडचा काठ'. तीस वर्षांपूर्वी तिथे युद्ध झालं आणि पलीकडच्या काठानं स्वतःला स्वतंत्र देश म्हणून जाहीर केलं. त्या देशाला संसद आहे, टपालाची तिकिटं आहेत, शाळेत म्हणायचं राष्ट्रगीत आहे. फक्त जग त्याला देश मानत नाही. अलीकडच्या काठाच्या लेखी तो त्यांचाच हिरावून घेतलेला जिल्हा आहे.

अशा ठिकाणी दोन सरकारं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायला बसणं म्हणजेच समोर कुणीतरी आहे असं कबूल करणं, आणि सगळं अडलेलं आहे ते तिथेच. मग बोलायचं कुणी? तर ज्यांच्याकडे खुर्ची नाही, शिक्का नाही अशांनी: शिक्षिका, नर्स, ग्रंथपाल, युद्धात हरवलेल्यांच्या आया आणि बहिणी. मी पीएचडी ह्याच विषयावर केली. त्यासाठी दोन्ही काठांना समजणारी, जुन्या राजवटीतली भाषा तीन वर्षं घासून शिकले. पुढे अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या एका लहानशा संस्थेत ह्या बायकांच्या भेटी घडवून आणायच्या कामाला लागले. पुण्यातले नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे तू नक्की काय करतेस?" नवऱ्याचं बरं आहे, आयटीत आहे म्हटलं की विषय संपला. मी सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

हे काम माझं होतं. इतकं माझं, की त्यातलं काही दुसऱ्या कुणाला जमू नये असंच मला आतून वाटायचं. आणि तरी तिला मीच आणलं.

ती नागपूरची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, एका औषध कंपनीत डेटाचं काम करायची. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत साउंड सिस्टिम ऐन आरतीच्या वेळी बंद पडली. तिनं ती दोन मिनिटांत चालू केली, आणि नंतर ताटं उचलता उचलता मला म्हणाली, "ताई, तुमचं काम किती भारी आहे यार. मला पण काहीतरी मीनिंगफुल करायचंय. वीकेंडला मी फ्रीच असते."

मला वाटलं, बरं झालं. महिन्यातून एकदा आमची ऑनलाइन बैठक व्हायची. तिथे स्क्रीन सांभाळायला, कागद छापायला, पाहुणे आले तर चहा करायला कुणीतरी हवंच होतं. तिला मी नेमकं एवढंच काम दिलं.

तिसऱ्या बैठकीपासून बायका स्क्रीनवर आल्या आल्या विचारायला लागल्या, "ती कुठेय?" तिला त्यांची भाषा येत नव्हती. ती फोन पुढे धरायची, फोन भाषांतर करायचा, आणि ते भाषांतर इतकं भयाण असायचं की दोन्ही काठांच्या बायका एकदम हसत सुटायच्या. आठ वर्षांत माझ्या एकाही वाक्यावर त्या अशा एकत्र हसल्या नव्हत्या. माझं व्याकरण चोख होतं ना! मला त्या 'डॉक्टर' म्हणायच्या. तिला त्यांनी दोन महिन्यांत लाडाचं नाव ठेवलं.

माझा जळफळाट व्हायला लागला. हेवा म्हणजे काय हे मला चाळिशी आल्यावर नीट कळलं. शाळेत कुणाला माझ्याहून जास्त मार्क पडले तर मी जास्त अभ्यास करायचे आणि प्रश्न मिटायचा. इथे अभ्यास माझाच जास्त होता. तो करून झाला होता, आता आणखी काय करावं तेच कळेना. ती बैठकीत काही चुकीचं बोलली की मला बरं वाटायचं, आणि बायकांनी ते हसण्यावारी नेलं की पोटात दुखायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, मग चांगलंच आहे ना, तुझा लोड कमी झाला." दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

फेब्रुवारीत समोरासमोरची भेट ठरली. तीन बायका अलीकडून, तीन पलीकडून. पलीकडच्यांचा पासपोर्ट कुठल्याच विमानतळावर चालत नाही, म्हणून त्या तिसऱ्याच एका देशाच्या पासपोर्टवर, दोन विमानं जास्त बदलून आल्या. गावाबाहेर पाइनच्या झाडीत आम्ही एक दुमजली घर घेतलं होतं. वर झोपायच्या खोल्या, खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. ह्या भेटीत करायची गोष्ट एकच होती. दोन्ही काठांकडे युद्धात हरवलेल्यांच्या याद्या होत्या: कोण गेलं, शेवटचं कुठे दिसलं, कुणाला कुठे पुरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या याद्यांची अदलाबदल करायची.

त्याची पद्धत ठरलेली होती. दोन्ही याद्या ज्यांच्या त्यांनीच, पण आमच्याच प्रिंटरवर, कोऱ्या कागदावर, एकसारख्या अक्षरात छापायच्या. शिक्का नाही, सही नाही, पद नाही. पलीकडच्या सरकारचा शिक्का असलेल्या कागदाला अलीकडच्या बाईनं हात लावला तर घरी तिची चौकशी होते. आणि एकटीनं कुणी काही द्यायचं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी कागद पुढे सरकवायचे, म्हणजे परत गेल्यावर एकीलाच वेगळं काढून गद्दार म्हणता येत नाही. हा नियम मी लिहिला होता. भिंतीवरचा नकाशा मी उतरवला, फळ्यावरचा 'सीमा' हा शब्द मी पुसला. आणि तिला सांगितलं, "नेमप्लेटवर फक्त नाव. फ्लॅग नको, देश नको."

"ओके ताई," ती म्हणाली. का नको, ते मी सांगितलं नाही. सगळंच तिला सांगितलं तर माझ्याकडे काय उरलं असतं?

पलीकडच्या तिघींत एक निवृत्त शिक्षिका होती. साठी उलटलेली, गुडघ्यांनी त्रासलेली, शब्द मोजून बोलणारी. तिचा धाकटा भाऊ युद्धात नदी ओलांडून अलीकडे गेला तो परतलाच नाही. तीस वर्षं ती त्याचा शोध घेत होती. मी तिच्या चार मोठ्या मुलाखती घेतल्या होत्या, माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण तिच्यावर उभं आहे. त्या भावाचं काय झालं ते तिला कळावं, ही माझी मनापासूनची इच्छा होती. आणि ते तिला माझ्याकडून कळावं, ही त्याहून मोठी.

अलीकडच्या तिघींत एक नर्स होती, नदीकाठच्या रुग्णालयात युद्धाच्या आधीपासून काम करणारी. पहिल्या दिवशी दुपारी ह्या दोघी मागच्या दाराशी सिगारेट ओढायला गेल्या. मला धुराचा त्रास होतो. मी आत पुढच्या सत्राचे मुद्दे फळ्यावर लिहीत बसले. नागपूरकरीण सिगारेट ओढत नाही, पण ती त्यांच्या पर्सा सांभाळत थंडीत उभी राहिली. नंतर धावत आत आली.

"ताई, टीचर आंटींनी भावाचा फोटो दाखवला. नर्स आंटी एकदम शांतच झाल्या. त्यांना काहीतरी माहितेय, बघा तुम्ही."

"उगाच तर्क करू नकोस," मी म्हटलं. "यादीत जे असेल ते तिसऱ्या दिवशी कळेल." आणि पुन्हा फळ्याकडे तोंड केलं. बातमी महत्त्वाची होती, पण ती मला तिच्याकडून कळली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी चहासाठी दूध घ्यायला फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात मोठा चौकोनी केक होता. आमच्या मंडळाची ही रीतच आहे. संक्रांत असो, कुणाचं ग्रीन कार्ड असो, मुलांचं गॅदरिंग असो, दुकानातून असा केक येतो आणि त्यावर साखरेच्या पातळ कागदावर छापलेलं चित्र असतं. ह्या केकवर दोन झेंडे होते. एक अलीकडच्या काठाचा, एक पलीकडच्या. शेजारी शेजारी, अगदी सारख्या मापाचे, आणि खाली इंग्रजीत आभार मानलेले.

नागपूरकरणीनं काय विचार करून तो आणला असेल ते मला तिथल्या तिथे कळलं. मंडळात पुणे, मुंबई, नागपूर अशी ओढाताण झाली की आम्हीही हेच करतो. सगळ्यांना सारखं द्यायचं, म्हणजे कुणी रुसायला नको. पण त्या नदीवर भांडण होतं ते सारखेपणाचंच. आपला झेंडा त्यांच्या झेंड्याशेजारी, त्याच उंचीवर दिसावा, एवढ्यासाठीच पलीकडचे तीस वर्षं झगडत होते. आणि अलीकडच्या एखाद्या बाईचा ह्या चित्राजवळ फोटो निघाला तर तिची नोकरी जाऊ शकत होती.

ओट्यावर सुरी होती. वरचं चित्र खरवडायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. किंवा वर जाऊन तिला उठवायचं, "अगं, हे नको," म्हणायचं. ती "बाप्पा! सॉरी ताई," म्हणत पायजम्यातच खाली आली असती आणि आम्ही दोघींनी ते झेंडे उभ्या उभ्या खाऊन टाकले असते. मी दूध काढलं आणि फ्रिजचं दार लावलं.

मनात काय होतं तेही सांगते. याद्या अकराला बदलल्या जाणार. केक जेवणानंतरच येणार, असं मी धरून चालले. तोवर कागद ज्याच्या त्याच्या हातात पडलेले असतील, शिक्षिकेचं काम झालेलं असेल. मग केक येईल, बायकांची तोंडं उतरतील, आमचे संचालक हिला बाजूला घेऊन चार शब्द सुनावतील, आणि हे काम पर्सा सांभाळण्याइतकं सोपं नाही हे एकदाचं सगळ्यांना कळेल. नुकसान होईल ते तिचं एकटीचं. तो चहा मी अगदी चवीनं प्यायले.

पण तिला धीर कुठला? साडेदहाच्या चहालाच तिनं केक बाहेर आणला. याद्या छापून ज्यांच्या त्यांच्याकडे गेल्या होत्या आणि मी कोपऱ्यात प्रिंटरपाशी उरलेले कागद आवरत होते. मागे टाळ्या ऐकू आल्या म्हणून वळले, तर पलीकडची ग्रंथपाल मुलगी आनंदानं ओरडत फोन काढत होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच तिचा झेंडा परक्या देशात, त्या दुसऱ्या झेंड्याच्या बरोबरीनं पाहिला होता. तिनं केकचा फोटो काढला. केकमागे कप हातात घेतलेली नर्स होती, तीही फोटोत आली. आणि पुढच्या क्षणी तो फोटो नदीपलीकडे तिच्या घरी पोहोचलाही होता.

नर्सनं कप खाली ठेवला. अलीकडच्या तिघी कोपऱ्यात जाऊन हलक्या आवाजात बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्यातली वकीलबाई म्हणाली, "आम्हाला ह्यासाठी बोलावलं होतं हे आधी सांगायला हवं होतंत." नर्सनं आपल्या यादीची पानं पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. त्यांचं विमान संध्याकाळचं होतं, पण त्या म्हणाल्या की आम्ही आत्ताच विमानतळावर जाऊन बसतो. शिक्षिका टेबलाशी तशीच बसून होती. तिची यादी तिच्यापुढे होती आणि दोन्ही हात त्या यादीवर.

"पण मी दोन्ही सेम साइजचे केले ना ताई," नागपूरकरीण रडत म्हणत होती. "तुम्ही नेमप्लेटवर नको म्हणाल्या होत्या, मला वाटलं दोन्ही असले तर चालतं."

संचालक वयस्कर अमेरिकन गृहस्थ, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी विचारलं, "केक आधी कुणी पाहिला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

"माझीच मिस्टेक आहे," ती म्हणाली. "ताईंनी मला सांगितलं होतं फ्लॅग नको म्हणून." ती माझीच बाजू घेत होती. मला त्याचाही राग आला.

त्या तिघींना सोडायला मी गाडीची किल्ली उचलली, तर नर्सनं मान हलवली. "आम्ही त्या मुलीबरोबर जाऊ," ती म्हणाली. "तिला माहीत नव्हतं. माहीत असणाऱ्या तुम्ही होतात." मी किल्ली परत ठेवली. तिनं एवढं सगळं घडवूनही त्यांना तीच जवळची वाटत होती, आणि मी तिला आणखीच पाण्यात पाहू लागले.

ती चारच्या सुमारास परत आली. मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसले होते. तिचे डोळे सुजले होते.

"ताई," गाडीचं दार लावता लावताच ती म्हणाली, "नर्स आंटींनी त्या दोघींना आत पाठवलं आणि स्वतः मागे थांबल्या, बॅगा काढायला. टीचर आंटींचा भाऊ ना, त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये आणला होता. जखमी होता. दुसऱ्या दिवशी गेला. हॉस्पिटलच्या मागे कंपाउंडच्या आत पुरलंय, थर्ड रो. त्यांनी फोटो पहिल्याच दिवशी ओळखला होता."

एकटीनं काही द्यायचं नाही हा माझा नियम त्या बाईनं परक्या देशात, विमानतळाच्या फुटपाथवर मोडला होता. केकजवळचा आपला फोटो नदीपलीकडे पोहोचलाय हे ठाऊक असताना मोडला होता. नियम मोडल्याचं मला काही वाटलं नाही. तो मोडताना समोर मी नव्हते, हे मात्र फार लागलं.

"आंटींना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आठ वर्षं तुम्ही हे करताय. मी सगळं बिघडवलं, मी कोणत्या तोंडानं जाऊ? आणि ताई, त्या अजून एक म्हणाल्या, की..."

मी उठून आत जिना चढायला लागलेसुद्धा होते. तिचा विचार बदलेल आणि ती स्वतःच वर येईल, अशी मला भीती वाटली.

शिक्षिका पलंगावर बसून बॅग भरत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि तिच्या भाषेत, एकही चूक न करता सांगितलं. रुग्णालय. दुसरा दिवस. कंपाउंडच्या आत, तिसरी ओळ. तिनं डोळे मिटले. मग तिनं माझा हात हातात घेतला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"नर्सनं," मी म्हणाले. "जाण्यापूर्वी. मला सांगितलं."

तिनं माझा हात आपल्या कपाळाला लावला. थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

"शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. हो म्हणता आलं असतं. पण तीस वर्षांत तिला किती अधिकाऱ्यांनी, किती शेजाऱ्यांनी रचून सांगितलेली उत्तरं दिली होती, ते तिच्याच तोंडून ऐकून मी लिहून घेतलं होतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. आयुष्यभर वर्गात उभी राहिलेली बाई ती, उत्तर न येणारा चेहरा तिला ओळखता येत होता.

"थांबा," मी म्हणाले. "मी विचारून येते."

"कुणाला?"

नर्स तोवर विमानतळाच्या आत गेलेली होती. माझी नजर जिन्याकडे गेली. तिनं माझा हात सोडला, हळूच, रागावल्यासारखा नाही.

"तिला वर पाठव," ती म्हणाली.

मी खाली जाऊन निरोप दिला. नागपूरकरीण एकेक पायरी गाळत वर पळाली. खोलीचं दार लागलं. फोनचा तो भाषांतराचा आवाज थोडा वेळ येत राहिला, आणि मग शिक्षिकेचं रडणं ऐकू आलं. माझ्यासमोर ती रडली नव्हती.

बैठका तीन महिने बंद राहिल्या. मग नर्सनंच नागपूरकरणीला फोन केला आणि त्या पुन्हा सुरू झाल्या. केक मी आधी पाहिला होता हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. शिक्षिकेच्या भावाजवळ शेवटी कुणी होतं का, हे मला आजही माहीत नाही. शिक्षिका आणि नागपूरकरीण, दोघींपैकी कुणीच मला सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालेलं नाही.